शब्दचर्चा: युव्हायटिसचा 'प्रादुर्भाव' की 'प्रमाण'?

सदाफुली: युव्हायटिसवरच्या, म्हणजे डोळ्याच्या मधल्या थराच्या आजारावरच्या, माहितीपत्रकाचं मराठी करतेय. २००० साली छापून आलेल्या हैदराबादच्या पाहणीत सुमारे ०.७३ टक्के लोकांत हा आजार, चालू किंवा होऊन गेलेला, आढळला. मी 'प्रमाण' लिहिलं, संपादकांनी 'प्रादुर्भाव' केलं. वाचून साथ आल्यासारखं वाटतं. बरोबर काय?

दिगंत: प्रादुर्भाव डेंग्यूचा होतो, याचा नाही. 'प्रमाण'च ठेवा. पण वर्षभरात नव्याने किती जणांना झाला, त्यालाही 'प्रमाण'च म्हणणार? उत्तर कॅलिफोर्नियाच्या २००४च्या अभ्यासात वर्षाला लाखात सुमारे ५२ नवे रुग्ण आहेत आणि एकूण रुग्ण ११५. दोन वेगळे शब्द हवेतच.

माजघर: 'व्याप्ती' आणि 'आपात'.

सदाफुली: 'आपात' म्हटलं की आणीबाणी आठवते. हे पत्रक ओपीडीबाहेर बाकावर बसलेला माणूस वाचणार आहे. 'लाखात किती जणांना आहे' आणि 'वर्षात नव्याने किती जणांना झाला', असं सरळ लिहिलं तर?

माजघर: आणि तक्त्याच्या डोक्यावर एवढं मोठं वाक्य? परिभाषा वापरलीच नाही तर रुळणार कधी? लॅटिनमध्ये 'उवा' म्हणजे द्राक्ष, त्यावरून युव्हिया, म्हणजे डोळ्याचा तो मधला थर. मी कधीपासून 'द्राक्षपटल' सुचवतोय.

रानवाटा: ताई, 'इन्फ्लमेशन'ला 'दाह' लिहिलंत की 'शोथ'? दाह म्हणजे लोकांना आग होणं वाटतं. डोळ्याच्या मागच्या भागातला युव्हायटिस बरेचदा दुखत नाही, डोळा लालही होत नाही. नजर धूसर होते, काळे ठिपके तरंगतात. असा रुग्ण 'दाह' वाचून पत्रक खाली ठेवेल.

दिगंत: 'शोथ' कळलाच तर सूज म्हणून कळेल. मग तो आरशात पापण्या बघत बसेल.

पाणवठा: माझ्या आजीचे डोळे खुपऱ्यांनी गेले. पापण्या आत वळल्या होत्या, केस बुबुळावर घासायचे. आई उजेडात बसवून चिमट्याने एकेक उपटायची. जागतिक आरोग्य संघटनेने २०२४मध्ये भारतातली ही सार्वजनिक आरोग्याची समस्या संपल्याचं जाहीर केलं, तर बातम्यांत 'ट्रॅकोमा'. आपला शब्द असताना!

रानवाटा: 'खुपणे'वरूनच असेल ना तो?

पाणवठा: मला तसंच वाटतं. डोळ्यात वाळू खुपते, असंच आजी म्हणायची.

माजघर: मग 'खुपरे'ही ऐकलंय, ते कुठलं?

दिगंत: आमच्याकडे नेहमी अनेकवचनच, 'खुपऱ्या झाल्या'. तुमचं गाव कुठलं?