जुन्या अपार्टमेंटच्या दुरुस्तीसाठी महानगरपालिकेचा निधी मिळू शकतो का?

प्रश्न : शहापूरचा रहिवासी

बेळगावच्या शहापूर भागातील आमच्या तीन मजली इमारतीतील काही सदनिका रिकाम्या पडून आहेत. स्लॅबचा गिलावा सुटून सळ्या उघड्या पडल्या आहेत आणि सांडपाण्याची उभी पाइप दुसऱ्या मजल्यावर गळत असल्यामुळे तिथे कुणी भाडेकरू टिकत नाही. वास्तविक वडगाव-खासबागेतील मागावर काम करणाऱ्या आणि गणपत गल्लीतील दुकानांत नोकरीला असणाऱ्या कुटुंबांना टिळकवाडीचे भाडे झेपत नाही. त्यांच्यासाठी या सदनिका सोयीच्या आहेत. महानगरपालिका दुरुस्तीचा काही भार उचलणार असेल, तर ठरावीक वर्षे भाडे न वाढवण्याचे लेखी हमीपत्र देण्यास आम्ही मालक तयार आहोत. मुंबईत म्हाडा जुन्या इमारतींची दुरुस्ती करते, असे तिकडचे नातेवाईक सांगतात. आपल्याकडे तशी सोय आहे का?

उत्तर १ : अनगोळकर

तशी सोय कर्नाटकात नाही. मुंबईची व्यवस्था १९६९ च्या कायद्यातून आली असून ती शहर भागातील ३० सप्टेंबर १९६९ पूर्वीच्या इमारतींपुरतीच आहे. शिवाय त्यासाठी तिथले लोक घरपट्टीसोबत दुरुस्ती उपकर भरतात, ही गोष्ट नातेवाईक सहसा सांगत नाहीत.

प्रधानमंत्री आवास योजनेकडे पाहिले तरी अडचण तीच आहे. २०१५ च्या योजनेत स्वतःच्या जागेवर घर बांधणाऱ्या किंवा असलेले घर किमान ९ चौरस मीटरने वाढवणाऱ्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल कुटुंबाला केंद्राकडून दीड लाख रुपये मिळत. सप्टेंबर २०२४ पासून सुरू झालेल्या दुसऱ्या टप्प्यातही लाभार्थ्याच्या कुटुंबाच्या नावावर देशात कुठेही पक्के घर नसावे, ही अट आहे. आपल्या मालकांकडे घर आहे आणि भाडेकरूंकडे जागा नाही. त्यामुळे दोघांपैकी कुणीच या चौकटीत बसत नाही. माझ्या मते धोरणातील खरी उणीव इथेच आहे. नवीन बांधण्यासाठी पैसा आहे, पण उभे असलेले छप्पर वाचवण्यासाठी नाही, आणि मग नवी घरे शहराबाहेर जातात व मागावर येणाऱ्या माणसाचा रोजचा बसखर्च वाढतो.

उत्तर २ : खानापूर रोड

वरील मताशी मी पूर्ण सहमत नाही. सरकारी पैशातून खासगी मालकाची भिंत दुरुस्त करायची आणि दोन वर्षांनी त्याने भाडे वाढवायचे, हे कुठल्याही शहराला परवडणारे नाही. हमीपत्र चांगले आहे, पण सदनिका विकली गेल्यावर ते नव्या मालकाला लागू होणार का? ते नोंदणीकृत असले आणि मोडल्यास अनुदान व्याजासह परत करण्याची अट त्यात असली, तरच त्याला काही अर्थ आहे.

रिकाम्या घरांचा भाड्यासाठी वापर ही कल्पना मात्र नवीन नाही. जुलै २०२० मध्ये केंद्राने परवडणाऱ्या भाड्याच्या घरांची योजना आणली, तेव्हा सुरत आणि चंदीगड येथे आधीच्या सरकारी योजनेतून बांधून रिकामी राहिलेली घरे भाड्याने देण्यात आली. आवास योजनेच्या दुसऱ्या टप्प्यातही भाड्याच्या घरांसाठी स्वतंत्र घटक आहे, पण जुनी घरे वापरायची असतील तर ती सरकारी निधीतून बांधलेलीच असावी लागतात. खासगी अपार्टमेंटला ते दार बंद आहे.

उत्तर ३ : वॉर्ड कार्यकर्ता

अनुदानाची वाट पाहत बसण्याआधी दोन गोष्टी कराव्यात. पहिली, १९७२ च्या कर्नाटक अपार्टमेंट ओनरशिप कायद्याखाली घोषणापत्र (सदनिका व सामाईक भागांचा तपशील देणारा दस्त) नोंदवून मालकांची असोसिएशन करावी. ती नसेल तर जिना, गच्ची आणि सांडपाण्याची पाइप नेमकी कुणाची, यावरच वर्षे जातात, आणि पुण्यात राहणारे सदनिकाधारक खर्चाचा वाटा देत नाहीत. दुसरी, प्रत्येक सदनिकेचा ई-खाता, म्हणजे महानगरपालिकेकडील मालमत्तेची संगणकीय नोंद, तपासावा. आपल्याकडे कन्नडमधील खात्यावर आडनाव एका तऱ्हेने आणि आधारवर दुसऱ्या तऱ्हेने लिहिलेले असते. बँकेत कर्जाचा अर्ज याच कारणाने परत येतो.

कर्ज काढून दुरुस्ती केल्यास भाड्याने दिलेल्या घरावर प्राप्तिकरात त्या कर्जाच्या व्याजाची वजावट मिळते. शिवाय घरपट्टी वजा जाता उरलेल्या भाड्याच्या ३० टक्के रक्कम, प्रत्यक्ष खर्च कितीही झाला असला तरी, वजा करता येते. तेवढा आधार आजही आहे.

महानगरपालिकेच्या निधीतील २४.१० टक्के वाटा अनुसूचित जाती-जमातींसाठी आणि ७.२५ टक्के इतर दुर्बल घटकांसाठी राखीव असतो. मागणी करायचीच असेल तर मालकांनी स्वतःच्या नावाने करू नये. भाडेकरू कुटुंबांची यादी, अभियंत्याचा संरचनात्मक तपासणी अहवाल, खर्चाचा अंदाज आणि भाड्याच्या हमीचा मसुदा जोडून अर्ज नगरसेवकामार्फत द्यावा, तोही अंदाजपत्रकाची तयारी सुरू असताना. मंजुरीची खात्री देता येणार नाही, कारण अंदाजपत्रकात यासाठी स्वतंत्र लेखाशीर्षच (खर्चाचे सदरच) नाही. ते उघडावे हीच पहिली मागणी असावी.

प्रश्नकर्ता

आभारी आहे. असोसिएशनची बैठक बोलावतो. तपासणी अहवालाचा खर्च मालकांनी सदनिकेच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात वाटून घ्यावा की समान, याविषयी कुणाचा अनुभव असल्यास कृपया लिहावे.

उत्तर ४ : अनगोळकर

घोषणापत्रात प्रत्येक सदनिकेचा सामाईक भागातील हिस्सा टक्केवारीत लिहिलेला असतो. त्याच प्रमाणात वाटावा, म्हणजे तळमजल्यावरील दुकानदार गच्चीच्या खर्चातून अंग काढून घेऊ शकत नाही.