मदत हवी आहे: भित्तीचित्राचा फोटो काढताना इमारत मागे कलते

चौकट:
तीन मजली इमारतीची अख्खी बाजू रंगवली आहे. पूर्ण चित्र घ्यायला गेलं की वरचा भाग निमुळता होतो. गल्ली अरुंद, मागे सरकायला जागा नाही. प्रदर्शनासाठी शनिवारपर्यंत फोटो द्यायचाय. प्लीज लवकर सांगा.

निळी_खिडकी:
कॅमेरा कुठला, लेन्स कुठली? एखादा फोटो डकवा, त्याशिवाय काय सांगणार?

जुना_रोल:
टिल्ट-शिफ्ट लेन्स, दुसरा उपाय नाही. माझ्याकडे २४ मिमीची आहे. कॅमेरा भिंतीला समांतर ठेवायचा आणि फक्त लेन्स वर सरकवायची. उभ्या रेषा उभ्याच राहतात.

रंगारी:
शनिवारपर्यंत ती कुठून आणणार? एडिटिंगमध्ये पर्स्पेक्टिव्ह सरळ होतं. काढताना चारी बाजूंना भरपूर जागा सोडा, सरळ करताना कडा कापल्या जातात.

जुना_रोल:
आणि वरचा मजला ताणला जातो त्याचं काय? मोठ्या प्रिंटवर स्प्रेचे बारीक ओघळ पुसट होतात. चित्रकाराची मेहनतच तिथे असते.

पायवाट:
परवानगी घेतलीत का? जर्मनीत रस्त्यावरच्या कायमस्वरूपी भित्तीचित्राचा फोटो चालतो. ब्रिटनच्या १९८८च्या कॉपीराइट कायद्यातली फोटोची सवलत मात्र इमारती आणि शिल्पांना आहे, भित्तीचित्रांना नाही. निदान चित्रकाराचं नाव तरी लिहा.

चौकट:
परवानगी आहे, चित्रकार मैत्रीणच आहे. माझा प्रश्न वेगळा आहे! फोनवर काढतेय, अल्ट्रावाइडने, म्हणजे सगळ्यात रुंद दृश्य घेणाऱ्या लेन्सने.

निळी_खिडकी:
मग अल्ट्रावाइड सोडा. समोरच्या इमारतीचा जिना मिळतो का बघा. चित्राच्या मध्यावर उभं राहिलात की फोन वर करावाच लागत नाही, निम्मं काम तिथेच होतं. मुख्य लेन्सने भिंतीला समांतर सरकत तुकडे काढा, प्रत्येक तुकड्यात आधीच्याचा तिसरा हिस्सा तरी येऊ द्या, मग जोडा. भिंत सपाट असल्याने ते नीट जुळतात. पुढे खांब किंवा वायर असेल तर मात्र ती दोनदा उमटेल.

रंगारी:
एक्स्पोजर लॉक करा, म्हणजे सगळ्या तुकड्यांत उजेड सारखा येईल, नाहीतर जोड दिसतील. आणि ढगाळ वेळी जा. उन्हात समोरच्या छपराची सावली चित्रावर पडते.

चौकट:
जिना आहे, पण जाळी लावलेली आहे. भोकातून लेन्स बसेल बहुतेक. आणि खांब आहे, बरोबर मधोमध.

जुना_रोल:
म्हणून म्हणत होतो, टिल्ट-शिफ्ट.

रंगारी:
टिल्ट-शिफ्टने खांब जातो का?

निळी_खिडकी:
खांबाच्या दोन्ही बाजूंनी काढा. एकात झाकलेला भाग दुसऱ्यात दिसेल, एडिटिंगमध्ये खांबाचा भाग मास्क करून, म्हणजे झाकून, तिथे तो भरा. प्रिंट किती मोठी हवी ते अजून सांगितलं नाहीत.