आई डायलिसिसला, गाडीत मी एकटी. हॉस्पिटलकडे पार्किंगचं नेमकं काय मागू?

भांडुपची लेक

नमस्कार. आईचं (वय 71) डायलिसिस सुरू होऊन चौदा महिने झाले. मंगळवार, गुरुवार, शनिवार, दुपारी बाराची पाळी. हॉस्पिटल ट्रस्टचं आहे, घरापासून सहा किलोमीटरवर. नाव लिहीत नाही, कारण तिथल्या टेक्निशियनपासून मावशींपर्यंत सगळ्यांनी आईला फार जपलंय आणि मला कुणाशी भांडायचं नाहीये. गेल्या आठवड्यात युनिटच्या दारावर कागद लागला की पेशंट आणि नातेवाइकांनी सूचना लेखी द्याव्यात, ट्रस्टींच्या मीटिंगमध्ये ठेवू. मला पार्किंगबद्दल लिहायचंय. "जागा वाढवा" असं लिहिण्यात अर्थ नाही, तेवढं मलाही कळतं. बेसमेंट आहे तेवढंच राहणार.

आमचा दिवस कसा जातो ते सांगते, म्हणजे अडचण कुठे आहे ते कळेल. एलबीएस रोडवर मेट्रो 4 च्या कामामुळे कुठे रस्ता अरुंद होईल सांगता येत नाही, म्हणून आम्ही अकरालाच निघतो. गेटवर पोचलो की गार्डची शिट्टी सुरू, "पुढे घ्या, पुढे घ्या". आईला गाडीतून उतरायला अडीच मिनिटं लागतात. आधी दोन्ही पाय बाहेर, मग दाराला धरून थोडं पुढे सरकणं, मग एक मोठा श्वास, मग उभं राहणं. यातलं काहीच लवकर होत नाही. मागच्या गाडीचा हॉर्न वाजला की ती घाबरून श्वास न घेताच उठते आणि तिचा तोल जातो.

व्हीलचेअर आत काउंटरवर मिळते, आधार कार्ड ठेवून. म्हणजे खुर्ची आणायला कोण जाणार, आईला कोण धरणार आणि गाडीत कोण बसणार? तिन्ही मीच. भाऊ नाशिकला, नवऱ्याची नोकरी शिफ्टची.

जूनमध्ये एकदा भर पावसात तिला पोर्चमधल्या बाकावर बसवून गाडी लावायला गेले. बेसमेंट फुल. बाहेर तीन गल्ल्या फिरून एका शाळेच्या भिंतीलगत जागा मिळाली. परत यायला पंचवीस मिनिटं लागली. मी आले तेव्हा एक गार्ड तिला बाकावरून उठवत होता. चांगल्या मनानेच, तिला पावसाचे शिंतोडे लागत होते म्हणून. पण त्याने डावा हात धरून ओढलं. डावा हात म्हणजे फिस्टुलाचा हात, डायलिसिसच्या सुया टोचता याव्यात म्हणून ऑपरेशन करून धमनी आणि शीर जोडलेला. त्या हातात आम्ही बांगडी घालत नाही, बीपी मोजू देत नाही, कोथिंबिरीची जुडीसुद्धा देत नाही. लिफ्टमधून वर जाईपर्यंत मी तिच्या मनगटाच्या वर बोटं ठेवून आतली रक्त वाहण्याची थरथर लागतेय ना, म्हणजे फिस्टुला चालू आहे ना, तेच बघत होते. लागत होती. देवाची कृपा.

परतताना दुसरं. चारला मशीन सुटतं. सुया काढल्यावर दहा-पंधरा मिनिटं कापूस दाबून धरायचा, बीपी बघायचं, मग खाली यायचं. आणि चार ते सहा ही भेटण्याची वेळ! म्हणजे आई खाली येते नेमकी तेव्हा सगळ्या वॉर्डांचे नातेवाईक गाड्या घेऊन आत शिरत असतात. त्यात पार्किंगचे पैसे बेसमेंटच्या बाहेर पडायच्या जागी घेतात, तिथे मोबाइलला रेंज नाही, यूपीआय चालत नाही, आणि रॅम्पवर रांग लागते. वर पोर्चमध्ये आई डोळे मिटून बसलेली असते. तासाप्रमाणे आकारणी असल्यामुळे महिन्याच्या तेरा खेपांचे दोनेक हजार होतात, तेही आहेच. पण पैशांचं मी शेवटी लिहिणार आहे.

तुम्ही कुणी हॉस्पिटलमध्ये काम करत असाल, किंवा तुमच्याकडे एखादी गोष्ट खरोखर सुधारली असेल, तर कृपया सांगा. अर्ज दोन पानांच्या वर जायला नको.

गेटवर बारा वर्षं

ताई, मी दुसऱ्या एका हॉस्पिटलात सिक्युरिटीला आहे, सध्या सुपरवायझर. आधी त्या हाताबद्दल बोलतो. पेशंटला कुठे धरायचं हे आम्हाला कुणी शिकवत नाही. आमच्याकडेही असंच एकदा झालं, तेव्हा डायलिसिसच्या सिस्टरनी खाली येऊन सगळ्या पोरांना अर्धा तास समजावलं. काखेत हात घालायचा नाही, मनगट ओढायचं नाही, आधी विचारायचं "कुठला हात धरू?". अर्ध्या तासाचं काम आहे, खर्च शून्य. हे अर्जात पहिलं लिहा.

दुसरं, दोन खुर्च्या पोर्चमध्येच ठेवायला सांगा, आधार कार्ड न मागता. चोरीला जातील म्हणून आत ठेवतात. आमच्याकडे खुर्चीसोबत एक मामा उभे असतात, सकाळी आठ ते संध्याकाळी सहा. गाडी थांबली की पेशंट मामांच्या ताब्यात, ते थेट वर पोचवतात. मग गाडीवाल्याला वीस मिनिटं लागली तरी जीव टांगणीला नाही. शिट्टी वाजवायचीसुद्धा गरज पडत नाही, कारण गाडी आपोआप लवकर हलते.

आता गाडी लावण्याचं. डायलिसिसची गाडी आमच्यासाठी सगळ्यात सोयीची असते. का? ती चार तास हलणार नाही हे पक्कं असतं. ओपीडीवाला वीस मिनिटांत येईल की दोन तासांनी, काही भरवसा नाही. म्हणून आम्ही डायलिसिसच्या गाड्या आत भिंतीला लावतो आणि त्यांच्यापुढे ओपीडीच्या, चावी घेऊन. एका रांगेच्या जागी दोन रांगा बसतात. साडेतीनला पुढची रांग मोकळी करायला घ्यायची. पण यासाठी चावी घेणारा माणूस भरवशाचा पाहिजे आणि पावती पाहिजे, नाहीतर ओरखडा पडला की भांडणं.

आणि एक गोष्ट तुम्ही लिहिलीत तर बरं होईल, आम्ही बोलू शकत नाही. बेसमेंटच्या चांगल्या जागा सकाळी आठच्या आत स्टाफच्या गाड्यांनी भरतात. दुपारी दोनला पाळी बदलते तेव्हा जाणारे आणि येणारे दोघांच्याही गाड्या आत. कॅज्युअल्टीसमोर मोठ्या डॉक्टरांची गाडी "पाच मिनिटं" म्हणून उभी राहते. बारा-पंधरा हजार पगाराचा गार्ड त्यांना काय सांगणार? मेडिकल सुपरिटेंडेंटच्या सहीचा बोर्ड असेल तर बोर्डाकडे बोट दाखवता येतं.

बिलिंग खिडकी

चारच्या गर्दीला आमच्याकडूनही हातभार लागतो, म्हणून लिहिते. सकाळच्या राउंडला डॉक्टर म्हणतात "आज घरी जायचं". नातेवाईक लगेच गाडी बोलावतात. मग फाइल खाली येणार, औषधं परत जाणार, कॅशलेस असेल तर मंजुरीची वाट. इर्डाने, म्हणजे विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, 2024 मध्ये नियम केलाय की डिस्चार्जची अंतिम मंजुरी विमा कंपनीने तीन तासांत द्यायची. पण ते तीन तास आमचे कागद त्यांच्याकडे गेल्यावर सुरू होतात. तोपर्यंत ती गाडी बेसमेंटमध्ये जागा अडवून उभी.

आम्ही आमच्या मजल्यापुरतं सुरू केलंय. मंजुरी आली की नातेवाइकाला फोन, "आता गाडी मागवा". आधी सांगतो, तोपर्यंत गाडी आणू नका. लोक ऐकतात हो. कुणालाही चार तास बेसमेंटमध्ये बसायची हौस नसते. पार्किंगचे पैसेही बिलिंगच्या किंवा औषधांच्या खिडकीवर घ्यायला सांगा. तिथे रेंज असते.

ठाणे लोकल

राग मानू नका, पण गाडी कशाला? रिक्षा करा. दारात उतरा, पार्किंगचा प्रश्नच नाही. सगळ्यांनी गाड्या आणल्या तर कुठलंही हॉस्पिटल पुरं पडणार नाही.

भांडुपची लेक

राग नाही. पहिले तीन महिने रिक्षाच केली. जाताना ठीक. येताना चारला रिक्षावाल्यांची पाळी बदलायची वेळ, जवळचं भाडं नको असतं. दोनदा आई फुटपाथवर खाली बसली, बीपी पडून. डायलिसिसनंतर तिला सीट मागे करून आडवं व्हावं लागतं, रिक्षात ते होत नाही. ज्यांना जमतं त्यांनी रिक्षाच करावी, मलाही तेच वाटतं. पोर्चमध्ये खुर्ची आणि मामा असतील तर रिक्षाने येणाऱ्यांचीही सोय होईलच.

कॅलिपर

मला लहानपणी पोलिओ झाला, गाडी स्वतः चालवतो. दिव्यांगांची जागा म्हणून नुसता निळा रंग मारून चालत नाही. सुगम्यतेच्या 2021 च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांमध्ये अशा जागेची रुंदी 3.6 मीटर सांगितलीय, आणि ती प्रवेशद्वारापासून 30 मीटरच्या आत हवी. नेहमीची जागा अडीच मीटरच्या आसपास असते. तो जास्तीचा मीटर दार पूर्ण उघडून शेजारी खुर्ची लावण्यासाठी असतो. तुमच्या आईलाही तो लागेल. मोजपट्टी घेऊन जा आणि अर्जात आकडा लिहा, आकड्याला उत्तर द्यावं लागतं. अशा जागेवर मला रोज दिसतात त्या मोटारसायकली. साखळी लावून चावी गार्डकडे दिली तरच जागा रिकामी राहते.

पालिकेतून निवृत्त

या सगळ्यामागचं एक कारण सांगतो. मुंबईच्या विकास नियंत्रण नियमावलीत हॉस्पिटलने किती गाड्यांची जागा ठेवायची हे बांधकामाच्या क्षेत्रफळावर ठरतं. ओपीडीत रोज किती माणसं येतात, डायलिसिसच्या किती पाळ्या चालतात, याचा त्या हिशेबाशी संबंध नाही. तीच इमारत, तेच चौरस मीटर, आणि आत दोनाऐवजी तीन पाळ्या सुरू झाल्या तरी कागदावर पार्किंग पुरेसंच असतं. जुन्या हॉस्पिटलांचं तर विचारूच नका. परळला केईएम 1926 चं, टाटा 1941 चं, दोन्ही एकमेकांपासून चालत काही मिनिटांवर. त्या काळी पेशंट मोटारीने येतील असं कोणाला वाटणार? सप्टेंबर 2025 मध्ये एल्फिन्स्टनचा पूल बंद झाल्यापासून प्रभादेवीकडून परळला गाडीने यायचं तर टिळक पुलाचा किंवा करी रोडचा वळसा. तिकडच्या पेशंटना मी तरी लोकलच सांगतो, अंगात बळ असेल तर.

तुमच्यासाठी उपयोगाचं हे. आसपास पालिकेचं सार्वजनिक वाहनतळ आहे का ते वॉर्ड ऑफिसात विचारा. अनेक बिल्डरांनी जादा चटई क्षेत्राच्या बदल्यात असे तळ बांधून पालिकेला दिलेत. 2019 च्या जुलैत पालिकेने या तळांपासून 500 मीटरच्या आत रस्त्यावर गाडी लावली तर दहा हजारांपर्यंत दंड लावायला घेतला होता, कारण तळ रिकामे आणि रस्ते भरलेले. असा तळ जवळ असेल तर हॉस्पिटलने स्टाफसाठी तिथले मासिक पास काढावेत. स्टाफ निरोगी आहे, सात-आठ मिनिटं चालू शकतो. रात्रपाळीच्या सिस्टरना मात्र आतच जागा द्या, रात्री दहाला त्यांना रस्त्याने चालायला लावू नका. हे दोन्ही एकाच वाक्यात लिहा, नाहीतर युनियन विरोध करेल आणि त्यांचं बरोबर असेल.

भांडुपची लेक

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री अर्ज लिहून काढला, पावणेदोन पानं झाली. पहिली मागणी गार्डना फिस्टुलाबद्दल सांगण्याची. युनिटच्या सिस्टरना आधीच विचारलं, त्या म्हणाल्या आम्ही कधीही खाली यायला तयार आहोत, आम्हाला कोणी बोलावलंच नाही. दुसरी, पोर्चमध्ये दोन खुर्च्या आणि एक मामा. मग स्टाफच्या गाड्या आणि रात्रपाळीच्या सिस्टर, दोन्ही एकाच वाक्यात. पैशांची खिडकी वर.

भेटण्याच्या वेळेचं माझ्याच मनाने घातलंय. चारऐवजी पावणेपाचला सुरू करा, किंवा निदान पोर्चमधली एक बाजू चार ते पावणेपाच डायलिसिसच्या पेशंटसाठी दोरी लावून राखा. बाराच्या पाळीला आम्ही अकरा पेशंट आहोत, अकरा गाड्यासुद्धा नाहीत, तिघं रिक्षाने येतात. सात नातेवाइकांच्या सह्या मिळाल्या. एका काकांना सही करता येत नाही, हात थरथरतो, त्यांनी अंगठा दिला.

आज मोजपट्टी नेली होती. निळ्या रंगाची जागा एकच आहे, 2.4 मीटर, आणि एका बाजूला खांब. गार्ड बघायला आला, जूनमधलाच तो. टोक धरून उभा राहिला माझ्यासाठी. मी त्याला आईचा हात दाखवला आणि ती थरथर त्याच्याच बोटांना लावून दिली. तो एकदम मागे सरला, म्हणाला, "हे आत सतत चालू असतं?"

पैशांचं शेवटी एकच वाक्य घातलंय, डायलिसिस आणि केमोच्या पेशंटना खेपेमागे एकच ठरावीक रक्कम घ्यावी.

गेटवरचे दादा, चावी घेता तेव्हा तुम्ही जी पावती देता तिचा नमुना मिळेल का? गाडीचा नंबर झाकून फोटो टाकलात तरी चालेल. शनिवारी अर्ज द्यायचाय, सोबत जोडेन.

गेटवर बारा वर्षं

टाकतो ताई. आज ड्यूटी दोनला सुटते, त्यानंतर. मागच्या बाजूला ओरखडे आधीपासूनचे आहेत का ते लिहायला चौकट आहे, तीही दिसेल असा काढतो.