शब्द हवा आहे: एपिजेनेटिक्स (कमी दिवसांच्या बाळाचा मेंदू आणि फुप्फुसं यांच्या संदर्भात)

मोगरी:
नमस्कार मंडळी. मी नवजात बाळांच्या आयसीयूत सिस्टर आहे. कमी दिवसांच्या बाळांच्या आयांसाठी आम्ही एक चार पानी माहितीपत्रक करतोय, त्याचा मराठी मजकूर माझ्याकडे आलाय. दूध कसं काढायचं, कांगारू पद्धतीने बाळ छातीशी कसं धरायचं, हे सगळं लिहून झालं पण एका परिच्छेदावर अडलेय. त्यात म्हटलंय की पोटात असताना आणि जन्मानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत बाळाला जे मिळतं, म्हणजे अन्न, ऑक्सिजन, औषधं, ताण, स्पर्श, त्याचा परिणाम मेंदूतली आणि फुप्फुसातली जनुकं कशी काम करतात यावर होऊ शकतो, जनुकं मात्र तीच राहतात. या सगळ्याला शब्द एकच, एपिजेनेटिक्स. मराठीत शोधलं तर अधिजनुकशास्त्र, अपिजनुकीय, परजनुकीय, बाह्यजनुकीय असं प्रत्येक ठिकाणी वेगळंच. आमच्यातले एक डॉक्टर म्हणाले की सरळ 'गर्भसंस्कार' लिहा, सगळ्यांना लगेच कळेल. मला ते पटत नाहीये पण का पटत नाही ते नीट सांगताही येत नाहीये. मदत करा प्लीज.

अनुस्वार:
शब्दापुरतं सांगतो. कॉनराड वॅडिंग्टन या ब्रिटिश गर्भवैज्ञानिकाने १९४२ साली हा शब्द वापरात आणला. तेव्हा डीएनएची रचनाही माहीत नव्हती, ती १९५३ ची. त्याच्या डोक्यात जुना 'एपिजेनेसिस' हा शब्द होता, गर्भ आधीपासून छोट्या आकारात तयार नसतो तर टप्प्याटप्प्याने घडत जातो हा विचार. आजचा अर्थ, म्हणजे जनुकांवरच्या रासायनिक खुणा वगैरे, हा नंतर चिकटला. ग्रीक 'एपि' म्हणजे वर, शिवाय. आणि हा 'एपि' संस्कृतातल्या 'अपि'चा सख्खा भाऊ, तोच अपि जो आपल्या तथापि, यद्यपि मध्ये बसलाय. त्यामुळे व्युत्पत्तीने गेलात तर अपिजनुकीय बरोबर, पण मराठी कानाला अपि म्हणजे 'सुद्धा', 'वर' असं ऐकूच येत नाही. 'अधि'मध्ये वर हा अर्थ स्वच्छ आहे. 'पर' आणि 'बाह्य' दोन्ही नकोत, बाह्य म्हटलं की जनुकाच्या बाहेरचं काहीतरी, हवा-पाणी असं वाटतं, आणि खुणा तर डीएनएला चिकटूनच असतात. माझं मत अधिजनुकीय.

दिवेलागण:
अनुस्वारदादांशी सहमत. मी जीवशास्त्र शिकवते, वर्गात मी आधी शब्द सांगतच नाही, आधी काम सांगते. आपल्या जुन्या पोथ्यांमध्ये एखादं अक्षर किंवा ओळ वाचायची नसली की त्यावर पिवळी हरताळ फासायचे, 'हरताळ फासणे' तिथूनच आलं. खालचं अक्षर पुसलेलं नसतं, ते तिथेच असतं पण वाचणारा ते सोडून पुढे जातो. मिथायलेशन बरंचसं असंच, डीएनएतल्या सायटोसिन या अक्षराला मिथाइल नावाचा छोटा रासायनिक गट चिकटतो आणि जनुकाच्या सुरुवातीच्या भागात असे गट दाट झाले की ते जनुक सहसा वाचलं जात नाही. दुसरा प्रकार हिस्टोनवरचा, म्हणजे ज्या प्रथिनांभोवती डीएनए गुंडाळलेला असतो त्यांच्यावरच्या खुणा, त्याने गुंडाळी सैल किंवा घट्ट होते.

मोगरीताई, म्हणून पत्रकात 'जनुकांवरच्या खुणा' एवढंच लिहा की. कुठल्याही बाईला खूण हा शब्द कळतो. अधिजनुकीय हा शब्द कंसात नको, पाठ्यपुस्तकात जाऊ दे.

सह्यवारा:
मला मात्र 'संस्कार' एवढा वाईट वाटत नाही. संस्कार म्हणजे मूळ वस्तू न बदलता तिच्यावर केलेली प्रक्रिया, आयुर्वेदात द्रव्यावर संस्कार म्हणतात, अन्नावर संस्कार म्हणतात. अर्थाने तर तंतोतंत जुळतोय. आणि घराघरात पोचलेला शब्द आहे, फुकट का घालवायचा?

दिवेलागण:
सह्यवारा, अर्थ जुळतो हे मान्य, नुसतं 'संस्कार' असतं तर मीही विचार केला असता. पण 'गर्भसंस्कार' आज ज्या अर्थाने बाजारात आहे तो म्हणजे अमुक मंत्र ऐका, अमुक वाचा, अमुक संगीत लावा की बाळ हुशार गोरं देखणं होईल, आणि त्या क्लासच्या जाहिरातीत आजकाल एपिजेनेटिक्स हा शब्द छापलेला असतो. संशोधनात यातलं काही सिद्ध झालेलं नाही. जे सापडलंय ते बरंच साधं आणि बरंच गंभीर आहे, आणि त्यातलं एक तर आपल्या पुण्यातलंच आहे.

केईएम हॉस्पिटल पुणे, डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांची टीम, १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या बायकांचा आणि त्यांच्या मुलांचा पाठपुरावा चालू आहे. तिथली नवजात बाळं सरासरी २.७ किलोच्या आसपास, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची ३.५ च्या आसपास, पण आपल्या बाळांत स्नायू कमी आणि चरबी त्या मानाने टिकून. बऱ्याच बायकांमध्ये बी१२ हे जीवनसत्त्व कमी होतं. २००८ मध्ये त्यांनी दाखवलं की ज्या आयांचं फोलेट (हेही ब गटातलंच जीवनसत्त्व) जास्त आणि बी१२ कमी होतं त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याचं प्रमाण जास्त दिसतं. त्याच वर्षी आणखी एक पेपर आला त्यात आईचं बी१२ आणि नवव्या वर्षीच्या मुलांची एकाग्रता, लक्षात ठेवणं याचा संबंध दिसला. आता बी१२ आणि फोलेट करतात काय, तर शरीरात मिथाइल गट पुरवण्याच्या साखळीतले हे दोन कामगार. म्हणजे हरताळ जिथून येते ते दुकान. म्हणून संशोधक तिकडे बघतात. यात मंत्र कुठे आला? यात दूध, अंडं, तपासणी आणि गोळी आहे.

कडीपत्ता:
मी शब्दतज्ज्ञ नाही पण मला बोलायचंय कारण माझी लेक सातव्या महिन्यात झाली आणि काचेत होती. बाळ काचेत असताना घरातलं प्रत्येक माणूस आईला एकच विचारतं, तू काय खाल्लंस, कुठे गेली होतीस, काय बघितलंस. त्यात पत्रकातच गर्भसंस्कार लिहिलेलं असेल तर ती बाई वाचेल की माझे संस्कार कमी पडले म्हणून पोरीची फुप्फुसं कच्ची राहिली. तिथे बसलेल्या आईच्या हातात दूध आणि स्पर्श सोडून काही नसतं हो. जो शब्द तिच्यावर दोष टाकतो तो कितीही सोपा असला तरी घेऊ नका, मोगरीताई. आणि 'अर्भक' पण नको. पेपरात अर्भक म्हटलं की सोबत कचराकुंडी किंवा पोलीस असतात. बाळ लिहा.

मोगरी:
कडीपत्ता, तुम्ही नेमकं ते बोललात जे मला सांगता येत नव्हतं. थँक्यू. अर्भक काढलं. दारावरच्या पाटीवर नवजात शिशु अतिदक्षता विभाग आहे, पण सगळे काचच म्हणतात, पत्रकातही काच लिहितेय.

अजून एक. 'सातव्याचं जगतं, आठव्याचं जगत नाही' हे अजूनही आज्या सांगतात, ते खोडायचंय. प्रत्येक आठवडा पोटात जास्त काढला तेवढं फुप्फुस जास्त तयार. वायुकोश मिटू न देणारा जो पातळ स्निग्ध थर असतो तो साधारण २४ आठवड्यांपासून बनायला लागतो, पुरेसा व्हायला ३४-३५ आठवडे लागतात. त्या थराला मराठीत काय? डॉक्टर सर्फॅक्टंट म्हणतात, नातेवाईक 'फुप्फुसाचं औषध' म्हणतात कारण ते बाटलीतून येताना बघितलेलं असतं.

अनुस्वार:
'फुप्फुसाचं औषध' ठेवा, लोकांनी घडवलेला शब्द आहे आणि चुकीचा नाही. फक्त एकदा सांगा की पूर्ण दिवसांच्या बाळात हे शरीरच बनवतं. आणि फुप्फुस लिहिताय तेच ठेवा, फुफ्फुस नको. आपल्याकडे महाप्राण अक्षराचं द्वित्त होताना आधीचं अल्पप्राण राहतं, अच्छा, पत्थर, तसं. वायुकोश चालेल, पण पहिल्यांदा येईल तिथे 'हवेच्या बारीक पिशव्या' म्हणा.

सह्यवारा:
गर्भसंस्कार मागे घेतो, कडीपत्ताताईंचं वाचल्यावर वाद घालण्यासारखं काही उरलं नाही. पण एक शंका आहे. मेंदू आणि फुप्फुस एकाच परिच्छेदात का? जनुकांच्या खुणांचा दोघांशी एकत्र काय संबंध?

दिवेलागण:
चांगला प्रश्न. कमी दिवसांच्या बाळात हे दोन अवयव सगळ्यात अर्धवट असतात. २४ आठवड्यांना मेंदूचा पृष्ठभाग जवळजवळ गुळगुळीत असतो, वळ्या शेवटच्या तीन महिन्यांत पडतात, आणि हवेच्या पिशव्या तर बहुतेक जन्मानंतरच बनतात. म्हणजे जे काम पोटात अंधारात व्हायचं ते काचेत दिव्याखाली, नळ्या लावून, औषधं चालू असताना होतंय. अमेरिकेत युटा विद्यापीठात कर्ट अल्बर्टीन यांच्या टीमने वेळेआधी जन्मलेल्या कोकरांवर काम केलंय, घशात नळी घालून बरेच दिवस व्हेंटिलेटरवर ठेवलेली कोकरं एकीकडे आणि नाकातून श्वासाला आधार दिलेली दुसरीकडे. नाकातून आधार दिलेल्यांत हवेच्या पिशव्या चांगल्या बनल्या, आणि हिस्टोनवरच्या खुणांतला फरक फुप्फुसातही दिसला आणि मेंदूतही. श्वासाचा उपचार आणि खूण मेंदूत, म्हणून एकाच परिच्छेदात.

माणसांच्या बाळांवर अमेरिकेतच नोवी नावाचा अभ्यास आहे, ३० आठवड्यांच्या आत जन्मलेली बाळं. त्यांच्या गालाच्या आतून काडीने पेशी घेतल्या, सुई नाही. ज्या बाळांना फुप्फुसाचा जुनाट आजार, मेंदूला इजा, गंभीर जंतुसंसर्ग किंवा डोळ्याच्या पडद्याचा त्रास झाला त्यांच्या मिथायलेशनमध्ये फरक सापडले. पण नमुने घेतले घरी सोडण्याच्या सुमाराला, म्हणजे खुणेमुळे आजार झाला की आजारामुळे खूण पडली हे यातून ठरत नाही. मोगरीताई, म्हणून क्रियापद जपून वापरा, 'खुणांमुळे त्रास होतो' लिहू नका, 'त्रास झालेल्या बाळांत खुणा वेगळ्या दिसतात' लिहा. आणि कुठली तपासणी करून हे एका बाळाबद्दल सांगता येतं असं तर अजिबात सूचित होऊ देऊ नका, नाहीतर उद्या कुणीतरी त्याचेही पैसे घेईल.

कडीपत्ता:
मग आईने काय टाळावं हे लिहायचंच नाही का? तंबाखूचं तरी लिहायला पाहिजे. आमच्याकडे सिगारेट कोण ओढणार, पण मशेरी किती जणी लावतात.

दिवेलागण:
लिहायचं, जरूर. १३ अभ्यासांतल्या ६,६८५ नवजात बाळांचा एकत्र हिशोब २०१६ मध्ये आला, आई सिगारेट ओढत असेल तर बाळाच्या डीएनएवर हजारो ठिकाणी खुणांचे फरक, काही फरक मुलं मोठी झाल्यावरही टिकलेले. मशेरीचं वेगळं सांगावं लागेल कारण तो अभ्यास सिगारेटचा आहे. मुंबईत २००४ साली धूर नसलेल्या तंबाखूवर अभ्यास झाला, त्यात बायका मुख्यतः मशेरीच लावणाऱ्या होत्या, बाळाचं वजन सरासरी १०५ ग्रॅमनी कमी आणि कमी दिवसांची प्रसूती जास्त. तो वजनाचा आणि दिवसांचा पुरावा आहे, खुणांचा नाही. दोन्हीची मिसळ करू नका.

मोगरी:
सगळ्यांचं घेऊन असं लिहिलंय, बघा:

"बाळाला आईबाबांकडून मिळालेली जनुकं आयुष्यभर तीच राहतात. पण त्यांच्यावर बारीक रासायनिक खुणा असतात. कुठलं जनुक वाचायचं आणि कुठलं गप्प ठेवायचं हे ठरवायला त्या खुणा मदत करतात. कमी दिवसांच्या बाळाचा मेंदू आणि फुप्फुसं (हवेच्या बारीक पिशव्या) अजून तयार होत असतात. या काळातले आजार आणि उपचार यांच्यासोबत या खुणा बदललेल्या दिसतात, त्यावर संशोधन चालू आहे. बाळ लवकर होण्यामागे बहुतेक वेळा आईच्या हातात नसलेली कारणं असतात. मशेरी, तंबाखू, सिगारेट घरात कुणीच वापरू नका. आईचं दूध द्या, बाळाला छातीशी धरा, तपासणीच्या तारखा चुकवू नका."

अनुस्वार:
छान. 'गप्प ठेवायचं' फार आवडलं, तेच राहू दे. हवेच्या पिशव्या म्हणजे फुप्फुसं नव्हेत, फुप्फुसातल्या पिशव्या, तो कंस काढून 'आणि फुप्फुसातल्या हवेच्या बारीक पिशव्या' करा.

कडीपत्ता:
'बहुतेक वेळा आईच्या हातात नसलेली कारणं' हे वाक्य परिच्छेदाच्या मध्ये हरवतंय. ते सगळ्यात वर घ्या, ठळक अक्षरात. आणि 'घरात कुणीच' हे पण ठळक, बापाने पण वाचायला हवं.

मोगरी:
दोन्ही केलं. सोमवारी छापायला देतेय.