व्हीईजीएफ १६५ कुठलं घ्यावं? आणि कंट्रोलमध्येच ट्यूब बनतायत

शिरा_धमनी:
नमस्कार मंडळी. मी पुण्यात पीएचडी करतेय, ह्यूव्हेक पेशींवर (माणसाच्या नाळेतल्या शिरेच्या अस्तराच्या पेशी) एका वनस्पतीचा अर्क तपासतेय, त्याने नवीन रक्तवाहिन्या बनणं थांबतं का ते बघायचंय. त्यासाठी रिकॉम्बिनंट ह्यूमन व्हीईजीएफ १६५, म्हणजे रक्तवाहिन्या वाढवणारं मानवी प्रोटीन, मागवायचंय. ई. कोलाय जिवाणूत बनवलेलं बरंच स्वस्त पडतंय, हेक २९३ या मानवी पेशींमधलं महाग, आमचा ग्रँट संपत आलाय म्हणून आधी विचारतेय. आणि दुसरं, मॅट्रिजेलवर (पेशी वाढवायची प्रोटीनची जेल) नुसत्या पेशी टाकून ट्रायल घेतली तर व्हीईजीएफ नसतानाच ट्यूबचं मस्त जाळं तयार झालं, मग प्रोटीन घालून फरक दिसणार कुठे?

कल्चररूम:
ताई, तुमच्या कामाला ई. कोलायवालं बिनधास्त घ्या. हेकमधल्या प्रोटीनवर साखरेच्या साखळ्या असतात, ई. कोलायमधल्यावर नसतात, पण रिसेप्टरला चिकटायला त्यांची गरज पडत नाही. खरं महत्त्व आहे ते प्रोटीनच्या दोन साखळ्या डायसल्फाइड बंधांनी नीट जोडल्या गेल्यात का याला, कारण ही जोडी (डायमर) नसेल तर काम होत नाही. म्हणून डेटाशीटवर ह्यूव्हेक प्रोलिफरेशनचा (पेशी वाढण्याचा) ईडी५०, म्हणजे निम्मा परिणाम देणारी मात्रा, दिलाय का बघा, साधारण १ ते ६ नॅनोग्रॅम प्रति मिली असा असतो. आणि एंडोटॉक्सिनचा आकडा तर नक्की बघा!! ई. कोलायच्या आवरणातलं हे विष (एलपीएस) राहिलं असेल तर एंडोथेलियल म्हणजे रक्तवाहिनीच्या अस्तराच्या पेशी त्यालाच भडकतात आणि आपण समजतो व्हीईजीएफचा परिणाम.

मीडिया_बदला:
तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक मीडियाच्या बाटलीत आहे. ईजीएम-२ हा तयार मीडिया (पेशींचं खाद्य) वापरताय का? त्याच्या किटमधल्या छोट्या वायल्स बघा, एकात व्हीईजीएफच असतं, एकात एफजीएफ हा दुसरा ग्रोथ फॅक्टर. म्हणजे तुमच्या कंट्रोलला आधीच खुराक मिळतोय. शिवाय मॅट्रिजेल उंदराच्या ट्यूमरमधून काढतात, त्यात स्वतःचे ग्रोथ फॅक्टर असतात, म्हणून ग्रोथ फॅक्टर रिड्यूस्डवालं घ्या. पेशींना रात्रभर बेसल मीडियात अगदी कमी सीरमवर ठेवा, मग व्हीईजीएफ घालून लावा. तरी कंट्रोल पूर्ण कोरा येणार नाही, ह्यूव्हेकना मॅट्रिजेल दिसलं की त्या थोडंफार जाळं विणतातच. त्यामुळे एकट्या ट्यूबच्या फोटोवर पेपर उभा करू नका, मला तरी ते पटत नाही. सोबत व्हीईजीएफआर-२ (व्हीईजीएफचा रिसेप्टर) च्या टायरोसीन ११७५ चं फॉस्फोरिलेशन, म्हणजे रिसेप्टर चालू झाल्याची खूण, वेस्टर्न ब्लॉटवर दाखवा. ५० नॅनोग्रॅम प्रति मिली देऊन ५ ते १० मिनिटांत प्लेट बर्फावर, उशीर केलात की सिग्नल उतरतो.

कल्चररूम:
+१. आणि वायल आली की उघडायच्या आधी स्पिन करा, पावडर इतकी कमी असते की झाकणाला चिकटलेली दिसतसुद्धा नाही. १० मायक्रोग्रॅमला १०० मायक्रोलिटर, ०.१ टक्का बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन) घातलेलं निर्जंतुक पीबीएस (मिठाचा बफर), पण एकदा डेटाशीटवरचा बफर बघून घ्या. व्होर्टेक्स नको, हळू फिरवा. बीएसए नसेल तर प्रोटीन प्लॅस्टिकच्या भिंतीला चिकटून जातं. लगेच लो-बाइंडिंग ट्यूबमध्ये छोटे भाग म्हणजे अ‍ॅलिक्वॉट करून उणे ८० ला टाका. या स्टॉकचा १ मायक्रोलिटर २ मिलीत घातला की ५० नॅनोग्रॅम प्रति मिली होतं, म्हणजे एका वायलमध्ये २०० मिली मीडिया, ग्रँटला पुरेल.

शिरा_धमनी:
ईजीएम-२ च आहे 🙏 खूप धन्यवाद. जाळं नक्की थांबवणारा कंट्रोल म्हणून काय लावू?

मीडिया_बदला:
बेव्हासिझुमॅब, अँटिबॉडी औषध आहे. मानवी व्हीईजीएफला बरोबर पकडून ठेवतं, २००४ पासून कॅन्सरमध्ये वापरात आहे आणि भारतात बायोसिमिलरही (त्याच्यासारखीच दुसऱ्या कंपन्यांची औषधं) मिळतात. २५ नॅनोग्रॅम प्रति मिली व्हीईजीएफला १ मायक्रोग्रॅम प्रति मिली दिलं तरी रेणूंच्या संख्येत साधारण दसपट होतं. त्याने जाळं कमी झालं तरच अर्काच्या आकड्यांना अर्थ आहे.

अंडी_उबवणी:
आमच्या कॉलेजात सेल कल्चर नाही म्हणून आम्ही कोंबडीच्या अंड्यातल्या गर्भाभोवतीच्या शिरांच्या पडद्यावरचा कॅम अ‍ॅसे करतो, मानवी व्हीईजीएफ १६५ तिथेही चालतं. अंडी हॅचरीतून फलित झालेलीच आणा, दुकानातली उबत नाहीत. कवचाला खिडकी पाडताना भुगा खाली पडद्यावर पडू देऊ नका, त्याने सूज येऊन तिथे आपोआप शिरा गोळा होतात आणि नुसत्या पीबीएसच्या डिस्कभोवतीसुद्धा चाकाच्या आऱ्यांसारख्या दिसतात. पीबीएसवाली अंडी भरपूर ठेवा, आणि मोजणाऱ्याला कुठलं अंडं कशाचं आहे ते सांगू नका.