वटवाघळांच्या संवर्धनात काम करायचे आहे : सोलापुरातून सुरुवात कशी करावी?

सांजवेळ (सोलापूर) :

नमस्कार. मी सोलापुरातील एका महाविद्यालयात प्राणिशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आमच्याकडे वन्यजीव म्हटले की नान्नजचे माळढोक अभयारण्य आणि माळावरचे लांडगे यांच्याविषयीच बोलले जाते. माझे मन मात्र गेली दोन वर्षे वटवाघळांमध्ये गुंतले आहे. अक्कलकोट तालुक्यातील माझ्या आजोळी ओढ्याकाठच्या वडावर मोठ्या वटवाघळांची वस्ती आहे, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत ती पंखांनी वारा घेत असतात ते मी तासन्‌तास पाहत बसते. याच विषयात पुढे काम करावे असे वाटते. वडील यंत्रमागावर काम करतात, त्यामुळे शिक्षणाचा खर्च आणि नंतरचे उत्पन्न यांचा विचार मला करावाच लागेल. शिवाय निपाहच्या बातम्या ऐकल्यापासून आईने या विषयाचा धसका घेतला आहे. हे काम प्रत्यक्षात कसे असते आणि आईची भीती कितपत खरी आहे, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.

रातवा :

तुमच्या आईंच्या भीतीपासून सुरुवात करतो, कारण ती निराधार नाही. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेला २०२० मध्ये महाबळेश्वरच्या एका गुहेतून घेतलेल्या वटवाघळांच्या नमुन्यांत निपाहविरुद्धची प्रतिपिंडे आढळली होती, आणि केरळमध्ये २०१८ साली या आजाराने माणसे दगावली. परंतु झाडाखाली उभे राहून वटवाघळे पाहिल्याने हा आजार होत नाही. प्राण्याला हात लावणे, त्याने उष्टावलेले फळ खाणे, त्याची लाळ किंवा मूत्र पडलेला ताडी-शिंदीचा कच्चा रस पिणे, हे धोक्याचे प्रसंग आहेत. आम्ही वटवाघूळ हाताळतो तेव्हा हातमोजे आणि मुखपट्टी असतेच, रेबीजची प्रतिबंधक लस आधीच घेतलेली असते, आणि तरीही चावा बसला तर त्याच दिवशी दवाखाना गाठतो. हा नियम मोडणाऱ्या सहकाऱ्याबरोबर मी काम करत नाही.

आता कामाविषयी. जगात वटवाघळांच्या चौदाशेहून अधिक जाती ज्ञात आहेत आणि भारतात सुमारे १३०. तुमच्या वडावरची फलाहारी वटवाघळे दिसतात तरी. पण जुन्या वाड्यांच्या आढ्यात, विहिरींच्या कपारीत आणि किल्ल्यांच्या अंधाऱ्या खोल्यांत राहणाऱ्या कीटकभक्षी जाती, ज्यांना आपल्याकडे सरसकट पाकोळ्या म्हणतात, त्यांची ओळख पटवणे हेच मोठे काम असते. त्यांचे आवाज माणसाच्या श्रवणमर्यादेच्या, म्हणजे २० किलोहर्ट्झच्या, वर असतात. म्हणून रात्रभर यंत्राने ते टिपायचे, दिवसा संगणकावर त्यांचे आलेख पाहायचे, आणि जिथे परवानगी असेल तिथे बारीक धाग्याचे जाळे लावून सापडलेल्या प्राण्याच्या हाताचे हाड मोजायचे, वजन करायचे, मादी गाभण आहे का ते पाहायचे आणि काही मिनिटांत तिला सोडून द्यायचे. ही परवानगी वन्यजीव संरक्षण कायद्याखाली वनविभागाकडून घ्यावी लागते. संरक्षित स्मारक असेल तर पुरातत्त्व खात्याचीही. तिला कधी कधी एक हंगाम जातो, हे आधीच सांगून ठेवतो.

ओळख पटवण्यातली चूक किती काळ टिकते, याचे उदाहरण मला फार मोलाचे वाटते. तमिळनाडूच्या हाय वेव्ही डोंगरात १९४८ मध्ये मिळालेले एक फलाहारी वटवाघूळ मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या संग्रहात दुसऱ्याच जातीच्या नावाने पडून होते. थायलंडचे अभ्यासक कित्ती थोंगलोंग्या यांनी ते नीट तपासले आणि १९७२ मध्ये ती नवी जात ठरली. तिला सलीम अलींचे नाव मिळाले. चोवीस वर्षे ती कपाटात होती. कवटी आणि दात ओळखायला शिकणे कंटाळवाणे वाटले, तरी ते टाळू नका.

द्राक्षबागवाला (पंढरपूर तालुका) :

मी संशोधक नाही, शेतकरी आहे. पण हे काम निम्मे आमच्याशी बोलण्याचे आहे, म्हणून लिहितो. माल गोड व्हायला लागला की रात्री वटवाघळे बागेत येतात आणि नुकसान होते, हे खरे आहे. पूर्वी आम्ही पातळ नायलॉनचे जाळे सैल टाकत असू आणि सकाळी त्यात अडकून मेलेली वटवाघळे काढत असू, ज्यांत पोटाला पिल्लू चिकटलेल्या माद्याही असत. एका अभ्यासकाने बागेत तीन रात्री काढून समजावले की जाळे बोट आत जाणार नाही इतक्या बारीक घराचे आणि सांगाड्यावर ताणून लावलेले असेल, तर प्राणी त्यावर आपटून निघून जातो, गुंतत नाही. खर्च वाढला, पण माल वाचला. ते अभ्यासक पहिल्याच दिवशी “वटवाघळे उपयोगी असतात” असे व्याख्यान देत बसले असते, तर मी त्यांना चहा पाजून परत पाठवले असते. आधी त्यांनी माझे नुकसान मोजून घेतले, हे माझ्या लक्षात राहिले.

जुना प्राध्यापक :

शिक्षणाबाबत थोडक्यात लिहितो. पदव्युत्तर शिक्षणासाठी डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था आणि बंगळुरूचे राष्ट्रीय जैविक विज्ञान केंद्र ही दोन नावे समोर ठेवा; दोन्हीकडे प्रवेश परीक्षा कठीण आणि जागा मोजक्या असतात. तिथे जमले नाही तर प्राणिशास्त्रातच एमएस्सी करून प्रबंधासाठी हा विषय घेता येतो. संख्याशास्त्र मात्र आत्तापासून शिका, कारण अर्जदारांमध्ये उणीव असते ती त्याचीच. नेट परीक्षेतून कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती मिळाली तर २०२३ च्या सुधारणेनंतर ती दरमहा ३७,००० रुपये आहे. बहुतेक नोकऱ्या प्रकल्पापुरत्या असतात, आणि दोन प्रकल्पांमधले रिकामे महिने घरच्यांना आधी समजावून सांगावे लागतात. वडिलांपासून हे लपवू नका.

एक मुद्दा कायद्याचा. १९७२ च्या मूळ कायद्यात फलाहारी वटवाघळे उंदीर आणि कावळ्यांबरोबर उपद्रवी प्राण्यांच्या यादीत होती. २०२२ च्या दुरुस्तीने ती यादीच काढून टाकली. गावोगावी लोकांना अजून हे ठाऊक नाही. सांधेदुखीवर औषध म्हणून वटवाघूळ मारणारे आजही भेटतात, आणि त्यांना कायदा सांगण्याआधी दुखणाऱ्या गुडघ्याविषयी विचारावे लागते.

सांजवेळ :

सर्वांचे मनापासून आभार. रातवा यांचे उत्तर मी आईला वाचून दाखवले. दुरून पाहण्यास तिची हरकत नाही, हाताळण्याविषयी लस घेतल्यानंतर बोलू असे ती म्हणाली. मामांचे म्हणणे असे की तो वड रस्तारुंदीच्या आखणीत येण्याची शक्यता आहे. त्याआधी मी काही करू शकते का?

रातवा :

मोजा. झाड वाचवायचे असेल तर अर्जासोबत आकडे लागतात, आणि “खूप वटवाघळे आहेत” या वाक्याला कोणत्याही कार्यालयात वजन नसते. झाडापासून दूर, जिथून पश्चिमेचे आकाश मोकळे दिसते अशी एक जागा ठरवा आणि दर महिन्याला तिथूनच, सूर्यास्तापासून शेवटचे वटवाघूळ उडेपर्यंत मोजणी करा. शक्य तर दोघींनी, एकमेकींना आकडा न सांगता. तारीख, हवामान, झाडाखाली मेलेले प्राणी आणि छातीशी पिल्लू असलेल्या माद्या, हे सगळे वहीत हवे. मादीला वर्षाला सहसा एकच पिल्लू होते, त्यामुळे एकदा ओसरलेली वस्ती सावरायला फार वर्षे लागतात. पिल्ले अंगावर असताना झाड तोडले गेले तर तो हंगामच बुडतो. आपल्याकडे पारा चाळिशीपार जातो तेव्हा ही वटवाघळे पंख हलवून आणि अंगाला लाळ लावून शरीर थंड ठेवतात. अशा दुपारी त्यांना उडवून लावू नका, टाळीसुद्धा वाजवू नका.

सांजवेळ :

काल मामेबहिणीबरोबर पहिली मोजणी केली. सूर्यास्तानंतर साधारण पंचवीस मिनिटांनी पहिले वटवाघूळ उडाले. माझा आकडा २१४ आला, तिचा १८९. यांपैकी कोणता लिहावा?

रातवा :

दोन्ही लिहा, नावांसह. पुढच्या महिन्यातही दोघीच जा आणि उभ्या राहण्याची जागा बदलू नका.