शब्दचर्चा : धूळपाटी

मराठी विकिपीडियावर खातं उघडलं की स्वतःच्या नावाजवळच्या यादीत 'धूळपाटी' असा शब्द दिसतो. परवा वाचनालयातल्या वर्गात एका मुलाने विचारलं, "सर, ही कसली पाटी?" मला धड सांगता आलं नाही. अर्थ, वापर आणि धूळ की धुळ, जाणकारांनी सांगावं.

प्रतिसाद १
पंतोजींच्या शाळेत लाकडी पाटीवर बारीक धूळ किंवा विटेची भुकटी पसरायचे आणि काडीने अक्षरं काढायचे. ती धूळपाटी, आणि तिच्यावर गिरवलेली ती धुळाक्षरं. चुकलं की हात फिरवायचा, पाटी कोरी. 'ओनामा' हा शब्दही याच शाळेतला, 'ॐ नमः सिद्धम्' गिरवून सुरुवात व्हायची म्हणून. हिशेबही धुळीवर होत. जुन्या संस्कृत गणितात अंकगणिताला पाटीगणित म्हणत, आणि आपल्याकडून अरबांकडे गेलेल्या अंकांना मगरिबात, म्हणजे वायव्य आफ्रिकेत, 'गुबार' म्हणजे धुळीचे अंक हे नाव पडलं.

ऱ्हस्व-दीर्घाचं म्हणाल तर दोन्ही रूपं लिहिलेली सापडतात. धुळवड, धुळाक्षरं यांत उकार आखूड होतो, त्या ओघात धुळपाटी होते. मी धूळपाटी लिहितो.

विकिपीडियावरची धूळपाटी म्हणजे लेखाला हात न लावता लिहिण्याचा सराव करायचं पान. इंग्रजीत त्या जागेला सँडबॉक्स म्हणतात, मुलांची वाळूत खेळायची चौकट. कुणी 'वाळूपेटी' करून टाकलं नाही, हे फार चांगलं झालं.

प्रतिसाद २
सर, या शब्दाने काम कसं होतं ते मी डोळ्यांनी पाहिलंय. २७ फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिनी, आमच्या गावात संपादन शिकवायचा वर्ग घेतला होता. साठीच्या एक काकू. त्यांनी माहेरच्या गावाचा लेख उघडला, तर त्यात तालुकाच चुकलेला. रोज मोबाइलवर शंभर गोष्टी वाचणाऱ्या बाई, पण 'संपादन'वर बोट नेऊन पुन्हा मागे घेत होत्या. "माझ्याकडून बिघडलं तर? लोक काय म्हणतील?" मी म्हटलं, "काकू, आधी धूळपाटीवर लिहा." त्या एकदम हसल्या. त्यांच्या आजीच्या तोंडी हा शब्द होता. मग आधी स्वतःचं गाव लिहिलं, जोडाक्षर जमेना म्हणून तीनदा खोडलं, 'झलक पहा' दाबलं, पुन्हा खोडलं. अर्धा तास त्या पाटीवरून उठल्या नाहीत.

आपण इंटरनेट साक्षरता म्हणतो तेव्हा बहुतेकदा वाचता येणं, पैसे पाठवता येणं एवढंच धरतो. पण साक्षर म्हणजे लिहिता येणाराही ना? ज्याला फक्त वाचता येतं, त्याला आपण अर्धंच शिकवलंय.

प्रतिसाद ३
ताई, अनुभव मोलाचा आहे, पण एक सावधगिरीही शिकवा. खऱ्या धुळीवरचं पुसलं की गेलं. विकिपीडियावरची धूळपाटी कोरी केली तरी 'इतिहास' उघडला की आधीचं सगळं तारीख-वेळेसकट दिसतं. म्हणून तिथे फोन नंबर, घरचा पत्ता सरावापुरताही लिहू नये. मी हे वर्गात पहिल्या पाच मिनिटांत सांगतो आणि लगेच इतिहास उघडून दाखवतो. त्याची दुसरी बाजूही तिथेच दिसते : लेखात कुणाची चूक झाली तर जुनी आवृत्ती परत आणता येते, त्यामुळे कुणाच्याही हातून लेख कायमचा बिघडत नाही. काकूंना हेही सांगायला हवं होतं.

बाकी शब्दही पाहा. चर्चेची जागा ती चावडी, आपोआप काम करणारा प्रोग्राम तो सांगकाम्या. नवख्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. 'निःसंदिग्धीकरण' मात्र माझ्या वर्गात आजवर एकालाही पहिल्या फटक्यात वाचता आलेलं नाही. एका नावाचे अनेक लेख असतील तर 'नावसाधर्म्य' लिहावं, असं माझं मत.

मूळ प्रश्नकर्ता
सगळ्यांचे मनापासून आभार. एक लक्षात आलं. काही जण 'धूळपाटीत लिहा' म्हणतात, ताई 'धूळपाटीवर' म्हणाल्या. पाटी म्हटलं की 'वर'च हवं, 'त'मध्ये सँडबॉक्सची पेटी डोकावते. उद्यापासून वर्गात मी 'धूळपाटीवर गिरवा' असंच म्हणणार. आणि ताई, त्या तालुक्याचं पुढे काय झालं?

प्रतिसाद २
त्याच दुपारी बदलला. सारांशाच्या चौकटीत काकूंनी लिहिलंय : "तालुका दुरुस्त केला. माझं माहेर आहे."